स्थिर बिंदू

किरकोळ अपघातात कुणी मरत नाही, पण भांडणं मात्र खुनाच्या खटल्यासारखी होतात, असं टेपबाईंचं अकरा वर्षांच्या अनुभवानंतरचं मत होतं. कुणाच्या दाराला ओरखडा, कुणाचा आरसा लोंबलेला, कुणाचा मागचा दिवा फुटलेला. रक्ताचा थेंब नाही, आणि तरी रस्त्याच्या मधोमध दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांचं खानदान काढत उभी असतात. अशा ठिकाणी वर्दीतला पोलीस पाठवणं वाहतूक शाखेला परवडत नव्हतं. म्हणून शाखेने बिनवर्दीची माणसं नेमली होती. त्यांनी जायचं, मोजायचं, नकाशा काढायचा, दोन्ही पक्षांच्या सह्या घ्यायच्या आणि कागद ठाण्यात आणून द्यायचा. अटक करायचा अधिकार नाही, दंड करायचा नाही, साधं दरडावायचाही नाही. अंगात पिवळं जाकीट, खांद्याला पिशवी, पिशवीत तीस मीटरचा टेप, खडू, कॅमेरा आणि पत्रकांचा गठ्ठा. हवालदार मंडळी त्यांना ‘अर्धे पोलीस’ म्हणत. टेपबाईंना तेवढाही मान नव्हता. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

पण मोजमापात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नकाशा म्हणजे काही चित्रकला नव्हे, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगत. गाडीचं चाक कुठे होतं हे सांगायचं तर कशापासून तरी सांगावं लागतं. ते ‘कशापासून तरी’ म्हणजे स्थिर बिंदू. दिव्याचा खांब, भिंतीचा कोपरा, पुलाचा कठडा, काहीही चालेल, फक्त ते हलता कामा नये. गाड्या निघून जातात, खडूच्या खुणा पुसल्या जातात, साक्षीदार तर घरी पोचेपर्यंत सगळं विसरून मोकळे होतात. स्थिर बिंदू तेवढा जागेवर राहतो, आणि त्याच्यापासून उलट मोजत गेलं की दोन वर्षांनीसुद्धा अख्खा अपघात होता तसा उभा करता येतो. एकदा सह्या झाल्या की त्या कागदात खाडाखोड चालत नसे. दुरुस्ती हवी असेल तर दोन्ही पक्षांना पुन्हा बोलावून पुन्हा सह्या.

त्या दिवशी मात्र टेपबाईंचं लक्ष टेपपेक्षा घड्याळाकडे जास्त होतं. पाच वाजता त्यांची एकुलती एक लेक बसने निघणार होती. लांबच्या शहरातली नोकरी, दोन वर्षांचा करार, मधे सुट्टी नाही. नवरा गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच, आणि त्या दोघींचं आदल्या रात्री वाजलं होतं.

“शाळेतलं माझं नाटक, दहावीचा निकाल, अपेंडिक्सचं ऑपरेशन,” लेक बोटं मोजत म्हणाली होती, “दर वेळी तू कुणाच्या तरी बंपरपाशी उभी होतीस, आई. उद्या नाही आलीस तरी चालेल. मला सवय आहे.”

ओरडून म्हणाली असती तर टेपबाईंनीही चार शब्द सुनावले असते. पण ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, आणि ते टेपबाईंच्या जिव्हारी लागलं. सकाळी दोघी एकमेकींशी न बोलताच घराबाहेर पडल्या. दुपारी लेकीचा निरोप आला: ‘पाच वाजता. फलाट सहा. येणार असशील तर.’ टेपबाईंनी लिहिलं, ‘येणार म्हणजे येणार.’ साहेबांकडून तीन वाजताची सुट्टी मागून घेतली. साहेबांनीही दिली, कारण अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या अर्धी रजा मागत होत्या.

पावणेतीनला हवालदाराने फोन खाली ठेवला आणि अपराधी चेहऱ्याने मान वर केली.

“ताई, तुमच्या वाटेवरच आहे. दोन गोदामांच्या मधली ती गल्ली. टेम्पो आणि एक कार. बाकी सगळे बाहेर आहेत हो.”

“पाच वाजता बस आहे माझ्या मुलीची.”

“वीस मिनिटांचं काम. तिथून बस स्टँड पंधरा मिनिटांवर. साडेतीनला फलाटावर असाल, लिहून देतो.”

टेपबाईंनी हिशेब केला आणि पिशवी उचलली. जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, की या गल्लीवरून आपण रोज जातो, पण तिथला अपघात कधी आपल्याकडे आला नाही. चांगलंच आहे की, असं म्हणून त्यांनी स्कूटर सुरू केली.

गल्लीच्या तोंडाशी टायरचं दुकान होतं. त्याच्यासमोर स्कूटर लावून त्या आत शिरल्या. दोन्ही बाजूंना गोदामांच्या पाठीकडच्या भिंती, माणसाच्या दुप्पट उंच, एकसारख्या करड्या रंगाच्या. रस्ता नवाकोरा डांबरी. दहा-बारा पावलं आत गेल्यावर मुख्य रस्त्याचा आवाज बंद झाला. टेपबाईंनी सवयीने मागे वळून पाहिलं. टायरवाला एका चाकात हवा भरत होता, पण त्याच्या पंपाची घरघर इथवर येत नव्हती. भिंतींमुळे असेल, असं त्यांना वाटलं.

गल्लीच्या मध्यावर टेम्पो आणि कार एकमेकांना कोपरा लावून उभ्या होत्या. टेम्पोचा पुढचा डावा कोपरा चेपला होता, कारचा मागचा दिवा फुटला होता. नुकसान म्हणाल तर चहाच्या कपाचा कान तुटावा एवढं.

“मी जागेवर उभी होते,” कारवाली म्हणाली. ती दाताची डॉक्टर होती. अंगात पांढरा कोट तसाच होता. “फोन आला म्हणून गाडी थांबवली होती. माझे तीन पेशंट तोंड उघडून बसलेत तिकडे. जरा लवकर आटपा, प्लीज.”

“मग मी काय उडत आलो?” टेम्पोवाला म्हणाला. गोल चेहऱ्याचा, पोट सुटलेला, एरवी हसरा वाटला असता असा माणूस. “बाई, मी पण थांबलेलोच होतो. इंजिन बंद होतं. पाणी पीत होतो. आता थांबलेल्या माणसाची चूक कशी असेल?”

टेपबाईंना हसू आलं. प्रत्येक अपघातात दोन्ही गाड्या थांबलेल्याच असतात, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी टेम्पोच्या इंजिनावर हात ठेवला. ते थंडगार होतं. मग कारच्या बॉनेटवर ठेवला. तेही थंड. रस्त्यावर ब्रेकची काळी रेघ नव्हती, घसरल्याची खूण नव्हती. फुटलेल्या काचेचे लाल तुकडे तेवढे एका जागी पडले होते, कुणी केरसुणीने गोळा करून ठेवावेत तसे.

“किती वेळ झाला?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आत्ताच,” डॉक्टर म्हणाली.

“झाला असेल बराच,” टेम्पोवाला म्हणाला.

टेपबाईंनी फोटो काढले आणि स्थिर बिंदू शोधायला नजर फिरवली. खांब नव्हता. दार नव्हतं, खिडकी नव्हती. गटाराचं झाकण नाही, मैलाचा दगड नाही, भिंतीत भेग नाही, भेगेत उगवलेलं रोपटं नाही. कोपरा म्हणावा तर तो थेट गल्लीच्या तोंडाशी, टेपच्या आवाक्याबाहेर. मग भिंतच धरावी, म्हणून त्यांनी टेपचं टोक भिंतीला टेकवून टेम्पोच्या चाकापर्यंत मोजलं. दोन मीटर दहा. नियमाप्रमाणे प्रत्येक माप दोनदा घ्यायचं असतं. दुसऱ्यांदा दोन मीटर पस्तीस भरले.

टेप तिरका धरला गेला असेल. पुन्हा मोजलं. एक मीटर नव्वद.

त्यांनी गल्लीची रुंदीच मोजायचं ठरवलं. टेम्पोवाल्याला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. सात मीटर वीस. परत येऊन पाहिलं तर सहा ऐंशी. टेम्पोवाल्याने टोक सोडलं नव्हतं. त्याची नखं पांढरी पडेपर्यंत त्याने ते भिंतीवर दाबून धरलं होतं.

“काही चुकतंय का, बाई?”

“टेप जुना झालाय,” टेपबाई म्हणाल्या. टेप गेल्याच महिन्यात मिळालेला होता.

सव्वातीन वाजले होते. डॉक्टर गाडीला टेकून सारखी घड्याळ पाहत होती. एरवी त्यांनी ठाण्यात फोन केला असता, दुसरा टेप मागवला असता, गल्लीच्या तोंडापासून टप्प्याटप्प्याने मोजत आल्या असत्या. तासभर गेला असता, पण नकाशा चोख झाला असता. आज तो तास त्यांचा नव्हता, लेकीचा होता.

सहज म्हणून त्यांनी टेपचं टोक स्वतःच्या बुटाखाली दाबलं आणि टेम्पोवाल्याला दुसरं टोक चाकापर्यंत न्यायला सांगितलं.

“चार मीटर वीस,” तो म्हणाला.

“पुन्हा.”

“चार वीस.”

कारच्या मागच्या चाकापर्यंत सहा पंच्याऐंशी. पुन्हा सहा पंच्याऐंशी. तिसऱ्यांदाही तेच, सुताचाही फरक नाही. त्या उभ्या होत्या तिथून सगळं बरोबर येत होतं. अकरा वर्षांत जे कधी केलं नव्हतं, ते त्यांनी केलं. खाली वाकून खडूने स्वतःच्या दोन्ही बुटांभोवती रेघ काढली आणि त्या बुटांपासून सगळा नकाशा भराभर उरकला. पत्रकात ‘स्थिर बिंदू’ या रकान्यापुढे पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘तपासनीस (स्वतः)’. लिहिताना त्यांना स्वतःचंच हसू आलं. उद्या सकाळी नवा टेप घेऊन येऊ, नीट मोजू, दोघांना ठाण्यात बोलावून नव्याने सह्या घेऊ. कुणाला कळतंय?

डॉक्टरने न वाचता सही केली. टेम्पोवाल्याने मात्र बोट फिरवत सगळं वाचलं.

“हे ‘स्वतः’ म्हणजे तुम्ही?”

“हो. औपचारिक असतं ते.”

“म्हणजे आम्ही निघायचं आणि तुम्ही...”

“मीही निघतेच आहे. करा सही.”

त्याने सही केली. टेम्पो गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे गेला. कार मागे मागे जात तोंडाशी पोचली, डावीकडचा दिवा लुकलुकला आणि वळून दिसेनाशी झाली. टेपबाईंनी टेप गुंडाळला, पिशवीत टाकला आणि स्कूटरकडे चालू लागल्या. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. चला, वाटेत तिच्यासाठी काहीतरी घ्यायलाही वेळ मिळेल, असा विचार त्यांच्या मनात आला.

स्कूटर समोर दिसत होती. टायरवाला पाठमोरा बसला होता. टेपबाई चालत होत्या आणि मनात शब्द जुळवत होत्या. माफी मागायची पण रडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सगळे शब्द जुळवून झाले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की स्कूटर अजून तेवढ्याच लांब आहे.

त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. मोजणं हा त्यांचा धंदाच. येताना गल्लीच्या तोंडापासून गाड्यांपर्यंत साठ-सत्तर पावलं झाली असतील. त्यांनी शंभर मोजली. दीडशे मोजली. दोनशेला त्या थांबल्या. कपाळावर घाम आला होता. त्यांनी खाली पाहिलं.

त्यांच्या टाचांच्या मागे, वीतभरही नाही एवढ्या अंतरावर, खडूने काढलेले दोन बूट होते.

टेपबाई तशा भित्र्या नव्हत्या. रात्री-अपरात्री हमरस्त्यावर एकट्याने मापं घेतलेली बाई. त्यांनी आधी स्वतःला शिव्या दिल्या, मग वळून उलट्या दिशेने चालायला लागल्या, टेम्पो गेला त्या बाजूला. तिकडेही उजेडाची चौकट दिसत होती, तिच्यातून माणसं आडवी जात होती. शंभर पावलं झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. या वेळी खडूचे बूट त्यांच्या पुढ्यात होते, चवडे त्यांच्याकडे केलेले.

मग त्या धावल्या. पन्नाशीतल्या बाईने पिशवी सांभाळत जेवढं धावावं तेवढं धावल्या. भिंतीला हात लावून धावल्या, डोळे मिटून धावल्या. धाप लागून थांबल्या तेव्हा कुठे उभ्या आहोत हे पाहायची गरजच नव्हती. बूट खुणांमध्ये नेमके बसले होते.

“अहो टायरवाले!” त्यांनी हाक मारली. “अहो, इकडे बघा!”

टायरवाल्याने मान वळवून गल्लीकडे पाहिलं. सरळ त्यांच्याकडे पाहिलं, हात पुसले आणि पुन्हा कामाला लागला.

चार वाजून पाच मिनिटं. त्यांनी ठाण्यात फोन लावला.

“पोचलात का ताई?” हवालदार खुशीत होता.

“मी गल्लीतच आहे. मला बाहेर पडता येत नाहीये.”

“स्कूटर बंद पडली?”

“स्कूटरपर्यंत जाताच येत नाहीये. कुणाला तरी पाठवा.”

“ताई, बीटवरचा शिपाई आत्ताच त्या गल्लीतून चालत आला. माझ्यासमोर उभा आहे. मी विचारतो.” पलीकडे कुजबुज झाली. “तो म्हणतो गल्ली रिकामी आहे. रस्त्यावर खडूने काढलेले दोन पाय आहेत फक्त. तुम्ही काढलेत का ते?”

टेपबाईंनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं.

“त्याला... त्या पायांवरून तो गेला का?”

“थांबा.” पुन्हा कुजबुज. “नाही म्हणतो. बाजूने गेला. का कोण जाणे, म्हणतो, वाट सोडून गेलो. कुणी उभं असलं की आपण बाजूने जातो ना, तसं.”

त्यांनी फोन बंद केला. पिशवीतून रुमाल काढला, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर बसून खडूची रेघ खसाखसा पुसून काढली. पाण्याचा डाग तेवढा राहिला, मग तोही वाळला. त्या चालू लागल्या. ऐंशी पावलांनंतर पायाखाली नुसतं डांबर होतं, कसलीही खूण नव्हती, आणि तरीही आपण कुठे आहोत हे त्यांना पक्कं कळलं. मग टेप काढून मोजावं असंही वाटेना.

त्यांची सावली डाव्या हाताला पडली होती. टेम्पो होता तेव्हा ती त्याच्या मागच्या चाकापर्यंत पोचत होती. तासाभरात ती लांबायला हवी होती. ती जिथे होती तिथेच होती.

राहता राहिलं पत्रक. टेपबाईंनी ते मांडीवर घेतलं, ‘तपासनीस (स्वतः)’ या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि पुढे ‘भिंत’ असं लिहिलं. काही झालं नाही. होणार कसं? दुरुस्तीखाली सह्या कुठे होत्या? नियम त्यांनीच तर शेकडो लोकांना शिकवला होता.

पत्रकावर दोघांचे फोन नंबर होते. डॉक्टरच्या दवाखान्यात एका मुलीने फोन उचलला.

“मॅडम अजून आल्याच नाहीत. अर्ध्या तासापूर्वी म्हणाल्या, दहा मिनिटांत पोचते. पेशंट वैतागलेत सगळे.”

टेम्पोवाल्याने पुष्कळ वेळाने उचलला. मागे रहदारीचा गोंगाट होता, हॉर्न वाजत होते. टेपबाईंना तो गोंगाट ऐकून रडूच कोसळलं.

“भाऊ, मी मघाची. एक सही राहिलीय. तुम्ही परत येता का? आत्ताच्या आत्ता?”

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी सही केली ना? तुम्ही सांगितलं तशी केली ना?”

“केली हो. पण—”

“मग आता जा ना तुम्ही. तुम्ही असं समोर उभ्या राहून बघत राहिलात की मला गाडी चालवता येत नाही.”

“मी? मी कुठे बघतेय?”

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला, आणि पुन्हा लावला तर लागला नाही.

टेपबाई उभ्या राहिल्या. बसून राहावंसं वाटत नव्हतं. चार वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. लेक होती.

“आई, कुठे आहेस?”

“कामावर,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“बरं,” लेक म्हणाली. तोच कालचा शांत सूर.

“ठेवू नकोस! ऐक, बाळा. मी निघाले होते. खरंच निघाले होते. मला इथून... मला निघता येत नाहीये गं.”

“आई? तुझा आवाज असा का येतोय? रडतेयस तू?”

“नाही.”

“रडतेयस. काय झालंय? पडलीस का कुठे? पत्ता सांग मला. मी रिक्षा करून येते.”

“तुझी बस आहे.”

“गेली खड्ड्यात बस! उद्या जाईन नाहीतर जाणारच नाही. तू पत्ता सांग.”

या एका वाक्यासाठी टेपबाई किती वर्षं थांबल्या होत्या, ते त्यांचं त्यांनाच माहीत. पत्ता ओठांवर आला होता. दोन गोदामांच्या मधली गल्ली, टायरच्या दुकानासमोर. पंधरा मिनिटांत ती त्या उजेडाच्या चौकटीत उभी राहिली असती, आणि तिला आई दिसली असती, तिला नक्की दिसली असती. मग ती आत धावत आली असती.

आत आली असती.

टेपबाईंनी डोळे पुसले. आवाज घट्ट केला.

“अगं वेडाबाई,” त्या म्हणाल्या, “मी इथेच आहे, स्टँडवर. तुझी गंमत करत होते.”

“काय?”

“फलाट सहा ना? समोरच आहे मी. तुझं सामान चढवताना पाहिलं मघाशी. कामावरची तशीच आले, हे जाकीट, हा अवतार. चारचौघांत तुला लाज वाटेल म्हणून पुढे नाही आले.”

“आई, शपथ!” लेक हसत होती की रडत होती कळेना. “मला कधी तुझी लाज वाटली? कुठे आहेस? पुढे ये ना!”

“आता बस सुटायची वेळ झाली. तू चढ आधी. खिडकीत बस, मी हात करते. गर्दी आहे, दिसेन न दिसेन. पण मी आहे, एवढं समज.”

फोनमधून पायऱ्यांचा आवाज आला, कंडक्टर कुणावर तरी खेकसला, बॅग आपटली. टेपबाई गल्लीच्या मधोमध फोन कानाला घट्ट लावून उभ्या होत्या. थोडी शोधेल, आपण दिसलो नाही म्हणून हिरमुसेल, पण आई आली होती असं समजून जाईल. तेवढं पुरे.

“मागच्या सीटवर बसलेय,” लेक म्हणाली. “थांब हां... कुठे... अगं, दिसलीस!”

टेपबाईंनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

“पिवळं जाकीट! गर्दी कुठेय? मोकळ्यावर तर उभी आहेस तू. मला आधी कशी नाही दिसलीस? हात कर ना, आई.”

त्या निर्मनुष्य गल्लीत, दोन करड्या भिंतींच्या मधे, टेपबाईंनी हळूहळू उजवा हात वर केला.

“हां!” लेक ओरडली. “आलीस तू. मला एवढंच हवं होतं गं. काल मी उगाच बोलले. कानाला खडा, पुन्हा नाही बोलणार.”

“मीच चुकले, बाळा. दर वेळी मीच चुकले.”

“सोड ते. सुटली बघ बस. हात खाली नको करूस हां इतक्यात.”

इंजिनाची घरघर वाढली. टेपबाई हात वर धरून उभ्या राहिल्या. खांदा भरून आला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

“स्टँडच्या बाहेर आलो,” लेक म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “सिग्नल गेला. तू अजून दिसतेयस.”

टेपबाईंनी डाव्या हाताने फोन कानाला आणखी दाबला.

“आई, वळलो आम्ही. आता पूल.”

हॉर्न वाजला. कुणीतरी खिडकी लावून घेतली.

“पूल संपला.” लेकीचा आवाज उतरला होता. लहानपणी दिवा मालवल्यावर तिचा आवाज असा व्हायचा. “आई.”

“बोल.”

“आम्ही एवढ्या लांब आलो, तरी तू लहान होत नाहीयेस गं.”